माउस त्याच्याच हातात राहू द्या

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : टीम लीडर होऊन आठ महिने झाले, हाताखाली सहा जण आहेत. त्यातला एक कष्टाळू आहे, वेळेवर येतो, पण महिन्याच्या अहवालात दर वेळी त्याच त्या चुका करतो. तीन-चारदा समजावलं. तो 'हो, आलं लक्षात' म्हणतो आणि पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. शेवटी रात्री बसून तुम्हीच सगळं दुरुस्त करता. मध्यंतरी एका प्रशिक्षणात 'उत्तरं देऊ नका, प्रश्न विचारा' असं शिकवलं. ते करून पाहिलं, तर तो नुसता तुमच्या तोंडाकडे बघत बसला. मग कोचिंग करायचं म्हणजे नेमकं करायचं काय?

तुमच्या मजकुरात मला एक गोष्ट खटकली. तीन-चारदा समजावलंत असं तुम्ही लिहिलंय, पण तो ते काम करत असताना एकदा तरी शेजारी बसून पाहिलंत का, याचा कुठेच उल्लेख नाही. चुका तुम्हाला तयार अहवालात दिसतात. त्या कुठल्या पायरीवर घडतात हे तुम्हाला ठाऊक नाही, आणि बहुधा त्यालाही ठाऊक नाही. म्हणजे तुम्ही त्याला निकाल समजावताय. तो मान डोलावतो, कारण निकाल त्यालाही मान्यच आहे.

हे मी शहाणपणा म्हणून सांगत नाहीये, मी स्वतः याच खड्ड्यात पडलेली आहे. बिलं आणि येणी-देणी जुळवणाऱ्या विभागात मी बरीच वर्षं टीम सांभाळली. तिथे एक मुलगा होता. महिनाअखेरीच्या यादीत त्याच्याकडून दर वेळी पाच-सहा पुरवठादारांपुढे भलत्याच रकमा पडायच्या. पहिल्या महिन्यात मी म्हटलं, 'लक्ष देऊन कर.' दुसऱ्या महिन्यात म्हटलं, 'पाठवण्याआधी एकदा तपासत जा.' तिसऱ्या महिन्यात चेकलिस्ट करून दिली. ती त्याने इमानेइतबारे टिकमार्क करून भरली आणि चुका तेवढ्याच राहिल्या. मी मनातल्या मनात त्याच्या नावापुढे 'निष्काळजी' असा शिक्का मारून मोकळी झाले.

चौथ्या महिन्यात खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसले. म्हटलं, 'नेहमी करतोस तसंच कर, मी इथे नाहीच असं समज.' पहिली वीस मिनिटं सगळं बिनचूक. मग त्याने यादीला फिल्टर लावला, फक्त थकीत बिलं समोर ठेवली, दुसऱ्या फाइलमधला रकमांचा आख्खा तुकडा उचलला आणि इथे पेस्ट केला. एक्सेलमध्ये फिल्टर लावलेल्या यादीत असा सलग तुकडा टाकला, की तो दडलेल्या ओळींमध्येही जाऊन बसतो. वरच्या काही ओळी लागोपाठच्या होत्या, तिथे रकमा बरोबर दिसल्या. खाली काही जागी गडबड दिसली, ती त्याने हाताने नीट केली. 'हे कधीकधी असं करतं,' तो मला सहज म्हणाला. दडलेल्या ओळींमधल्या जुन्या रकमा मात्र पुसल्या गेल्या होत्या आणि त्या त्याला दिसणं शक्यच नव्हतं, कारण तपासणीही तो फिल्टर तसाच ठेवून करायचा. चेकलिस्टमधलं प्रत्येक टिकमार्क प्रामाणिक होतं.

आणि फिल्टर लावून भरायची ही युक्ती त्याला कोणी शिकवली होती? मीच, पहिल्या आठवड्यात, घाईघाईत.

तेव्हा तुमच्या माणसाबद्दल पहिलं काम हेच करा. एक अहवाल त्याला तुमच्यासमोर करू द्या आणि तोंड बंद ठेवून बघा. घरून काम चालत असेल तर स्क्रीन त्याने शेअर करायची, तुम्ही नाही. एवढंच सांगा की मला चूक शोधायची नाहीये, हे काम तुझ्याकडे कसं होतं ते पाहायचंय. पहिली दहा मिनिटं तो अवघडेल, मग विसरेल. मध्ये बोलायची अनावर इच्छा होईल. मी तर हातात वही धरून बसते. जे बोलावंसं वाटतं ते लिहायचं, म्हणजे जिभेला काम राहत नाही.

आता यापुढचं सगळं तुम्हाला काय दिसतं त्यावर अवलंबून आहे, आणि ते मी इथून सांगू शकत नाही. तरी अंदाज बांधायला एक जुना प्रश्न उपयोगी पडतो. रॉबर्ट मेगर आणि पीटर पाइप या प्रशिक्षणाच्या क्षेत्रातल्या दोघांनी १९७० मध्ये कामातल्या त्रुटींबद्दल लिहिताना तो मांडला होता. त्याचा आशय असा : जीवावरच बेतलं, तर या माणसाला हे काम जमेल का? उत्तर 'नाही' असेल तर शिकवण्याचा मामला आहे. 'हो' असेल, तर त्याला कितीही शिकवा, काही फरक पडणार नाही. अडचण दुसरीकडेच आहे. कदाचित नीट काम केल्याचं फळ म्हणून त्याच्या वाट्याला इतरांचंही काम येत असेल. किंवा चुकलं तरी काही बिघडत नाही, रात्री साहेब बसून दुरुस्त करतातच, हे त्याला कळून चुकलं असेल. हे शेवटचं वाक्य वाचून राग येईल कदाचित, पण तुमच्या बाबतीत हा भाग थोडाफार असणारच.

आणखी एक शक्यता असते, ती म्हणजे काम त्याला नीट करूच दिलं जात नाही. माझ्या टीममधल्या एका बाईंचा अहवाल दर महिन्याला उशिरा यायचा. मी त्यांना वेळेच्या नियोजनावर दोन वेळा समजावलं. तिसऱ्यांदा त्या शांतपणे म्हणाल्या, 'मॅडम, मला आकडे चार वाजता मिळतात आणि अहवाल पाचला जायचा असतो. यात मी कसलं नियोजन करू?' मी दुसऱ्या विभागाशी बोलले, आकडे आदल्या दिवशी यायला लागले आणि विषय मिटला. त्या दोन 'कोचिंग'च्या बैठका त्यांनी किती सोशिकपणे ऐकून घेतल्या असतील, हे आठवलं की अजून कानकोंडं व्हायला होतं.

आता 'प्रश्न विचारा' या सल्ल्याकडे येते. तो चुकीचा नाही, पण अर्धवट पोचलेला आहे. त्याचं मूळ टेनिसच्या मैदानात आहे. टिमथी गॉलवे हे अमेरिकन टेनिस प्रशिक्षक १९७० च्या दशकात असं सांगू लागले, की खेळाडूला 'मनगट असं ठेव, गुडघा तसा वाकव' अशा सूचनांचा मारा केला तर तो जास्तच आखडतो. त्याऐवजी ते त्याला फक्त चेंडूकडे बघायला लावायचे. चेंडू जमिनीवर टप्पा खातो तेव्हा एक शब्द मोठ्याने म्हण, रॅकेटला लागतो तेव्हा दुसरा म्हण, बस्स. लक्ष चेंडूवर गेलं की फटका आपोआप सुधारायचा. ही कल्पना पुढे ऑफिसांमध्ये आणण्यात जॉन व्हिटमोर यांचा मोठा वाटा. हे गृहस्थ आधी मोटार शर्यतीतले चालक होते. ध्येय काय, सध्या स्थिती काय, पर्याय कोणते आणि तू नक्की काय करणार, ही चार टप्प्यांची 'ग्रो' पद्धत तुमच्या प्रशिक्षणात शिकवली गेली असेल, ती त्यांच्याच नावाशी जोडलेली आहे.

पण गॉलवेंचा प्रश्न नीट पाहा. तो मनाचा ठाव घेणारा वगैरे अजिबात नव्हता. चेंडू आत्ता कुठे आहे, एवढाच होता. समोर दिसणाऱ्या गोष्टीकडे नजर वळवणारा. आपण मात्र प्रशिक्षण संपवून येतो आणि विचारतो, 'तुला काय वाटतं, तू यात कशी सुधारणा करू शकतोस?' बिचारा काय सांगणार? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार! ज्याला फिल्टरची भानगडच माहीत नाही, त्याला पाच प्रश्न विचारून ती त्याच्याच तोंडून काढायचा प्रयत्न करणं हा शुद्ध छळ आहे. त्याला वाटतं, यांना उत्तर माहीत आहे आणि हे मला खेळवतायत. ते खरंही असतं.

त्या मुलाच्या बाबतीत मी जे विचारलं ते असं :

'खाली किती ओळी दिसतायत?'

'बावीस.'

'पेस्ट किती केल्यास?'

'बावीस.'

'आता फिल्टर काढ. सोळाव्या ओळीत काय आहे?'

तो बघत राहिला. मग स्वतःच खाली-वर करून मोजायला लागला. 'अरे, हे इथे कुठून आलं?' हा प्रश्न त्याच्या तोंडून आला आणि त्यानंतर शिकवायला मला तीन मिनिटंही लागली नाहीत. फिल्टरमध्ये पेस्ट करायचं नाही, रक्कम बिल नंबरवरून सूत्र लावून आणायची. हे मी सरळ सांगितलं. ते त्याने स्वतः शोधून काढायची वाट बघत बसले नाही.

थोडक्यात माझा ठोकताळा : जी गोष्ट ठरावीक आहे, जिचं उत्तर एकच आहे, ती सांगून टाका, करून दाखवा. जिथे तारतम्य लागतं, म्हणजे चिडलेल्या ग्राहकाला काय उत्तर द्यायचं, दोन कामं एकदम आली तर कुठलं आधी घ्यायचं, तिथे प्रश्न विचारा. कारण तिथे उद्याची परिस्थिती आजच्यासारखी नसणार आणि तुमचं उत्तर त्याच्या कामी येणार नाही. नवा माणूस असेल तर सांगणं जास्त, मुरलेला असेल तर विचारणं जास्त. तुमचा माणूस अहवालाच्या कामात नवा आहे की जुना, हे तुम्ही लिहिलेलं नाही. इतर कामांत मुरलेला माणूस या एका कामात अगदी नवखा असू शकतो, हेही ध्यानात घ्या.

करून दाखवण्याबद्दल जरा जास्त लिहिते, कारण इथेच सगळ्यात जास्त पाणी मुरतं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४० ते १९४५, अमेरिकेतल्या कारखान्यांमध्ये अननुभवी माणसांची मोठी भरती झाली आणि त्यांना झटपट तयार करायचं होतं. त्यासाठी सरकारने एक कार्यक्रम चालवला आणि त्यात पर्यवेक्षकांना शिकवायची चार पायऱ्यांची रीत दिली. आधी माणसाची तयारी करून घ्या, त्याला किती येतं ते विचारा. मग काम दाखवा, एकेक पायरी आणि त्यातली ग्यानबाची मेख सांगत. मग त्याला करू द्या. मग अधूनमधून डोकावत राहा आणि डोकावणं कमी करत न्या. युद्धानंतर ही रीत जपानमध्ये गेली आणि तिथल्या कारखानदारीत रुजली.

आपण सगळे दुसऱ्या पायरीवर थांबतो. दाखवतो आणि विचारतो, 'समजलं का?' या प्रश्नाला 'नाही' असं उत्तर मला आजवर हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या वेळा मिळालंय. वरिष्ठाला 'नाही समजलं' म्हणायचं म्हणजे एक तर स्वतःला ढ ठरवायचं, नाहीतर त्यांना नीट सांगता आलं नाही असं सुचवायचं. दोन्हीपेक्षा 'हो' बरं. शिवाय दाखवताना आपण जे सराईतपणे करतो, ते बघणाऱ्याला इतकं सोपं वाटतं की त्या क्षणी त्याला खरोखरच समजल्यासारखं वाटतं. तो खोटं बोलत नसतो.

त्या जुन्या रीतीतली तिसरी पायरी खरी गंमतीची आहे. त्याला नुसतं करायला सांगायचं नाही, तर करता करता प्रत्येक महत्त्वाचा मुद्दा त्याने तुम्हाला समजावायचा. 'आता मी फिल्टर काढतोय, कारण...' हे 'कारण' आलं की शिकवणी झाली. ते अडखळलं तर तिथेच परत दाखवायचं.

आणि इथेच तो माउसचा मुद्दा. शेजारी बसल्यावर तो एका जागी अडकतो, आपल्याला उत्तर दिसत असतं, हात शिवशिवतात आणि आपण म्हणतो, 'एक मिनिट, दे इकडे.' चटाचटा तीन क्लिक, काम फत्ते. त्याने काय पाहिलं? पडद्यावर काहीतरी झर्रकन हललं आणि साहेब हुशार आहेत. तुमचा हात माउसवर गेला की त्या क्षणापासून ते काम तुमचं होतं. तो अर्धा मिनिट चाचपडत असेल तर चाचपडू द्या. सांगायचंच असेल तर तोंडाने सांगा, 'वरच्या पट्टीत डावीकडून तिसरं'. हाताने दाखवू नका. मी नव्या टीम लीडरना शिकवते तेव्हा एवढी एकच गोष्ट सक्तीची करते. लोक हसतात, आणि पहिल्याच सरावात निम्म्या जणांचा हात पुढे जातोच.

चूक दाखवायची कशी, हा याच्या लगतचा विषय. अव्राहम क्लूगर आणि अँजेलो डिनिसी या संशोधकांनी १९९६ मध्ये प्रतिसादाविषयीच्या, म्हणजे फीडबॅकविषयीच्या, तोवरच्या अभ्यासांचा मोठा आढावा घेतला होता, ६०७ निष्कर्ष एकत्र करून. सरासरीने प्रतिसादामुळे काम सुधारतं, असं त्यात निघालं. पण एक तृतीयांशाहून अधिक ठिकाणी प्रतिसाद दिल्यावर काम आणखी बिघडलं होतं. त्यांचं स्पष्टीकरण असं, की प्रतिसाद कामावरून सरकून माणसाच्या 'मी'कडे गेला की त्याचा परिणाम घटतो. हे मला पटतं, कारण रोज दिसतं. 'तुझं लक्ष नसतं' असं म्हटलं की समोरचा आपलं लक्ष होतं हे सिद्ध करायच्या मागे लागतो. 'सोळाव्या ओळीतली रक्कम बिलाशी जुळत नाही' म्हटलं की तो सोळावी ओळ उघडतो. कौतुकालाही हेच लागू. 'तू हुशार आहेस' ऐकून छान वाटतं, पण पुढच्या वेळी नक्की काय पुन्हा करायचं ते कळत नाही. 'पाठवण्याआधी फिल्टर काढून बेरीज ताडून पाहिलीस, ते बरं केलंस' यातून कळतं.

आणि एका वेळी एकच गोष्ट. तुम्ही अहवालात सात चुका शोधल्या असतील तर त्यातली जी सगळ्यात महागात पडते ती घ्या, बाकीच्या सहा वहीत राहू द्या. दोन आठवड्यांनी त्यातल्या तीन आपोआप गेलेल्या असतात, मूळ एकच असल्यामुळे. बोलणं संपताना 'मग आता पुढच्या वेळी काय करशील?' हे त्याच्याकडून वदवून घ्या आणि दोन ओळींत त्यालाच लिहून पाठवायला सांगा. तुम्ही लिहून पाठवलंत तर तो आदेश होतो. त्याच्या दोन ओळींत तुम्ही सांगितलेलं किती पोचलं तेही कळतं, आणि ते वाचून कधीकधी कपाळाला हात लावावा लागतो.

माणूस वयाने किंवा अनुभवाने तुमच्याहून मोठा असेल तर? रीत हीच, सुरुवात वेगळी. 'मी तुम्हाला शिकवतो' हा सूर तिथे चालत नाही आणि चालूही नये. 'तुम्ही हे कसं करता ते मला बघायचंय, टीममध्ये सगळ्यांची पद्धत एक करायचीय' म्हणून बसा. दहातल्या तीन वेळा तरी तुम्हीच काहीतरी शिकून उठाल, ते मोकळेपणाने कबूल करा. चारचौघांत मात्र चूक काढू नका. तरुणांचीही काढू नये, पण मोठ्यांच्या बाबतीत तो घाव भरत नाही.

आता एक कटू भाग. कधीकधी एवढं सगळं करूनही जमत नाही. माझ्या हाताखालच्या एकाला मी सहा महिने शिकवत राहिले. दर आठवड्याला बसायचो, मी धीर द्यायचे, 'होईल, होईल' म्हणायचे. मला तिसऱ्याच महिन्यात दिसत होतं की हे आकड्यांचं काम त्याच्या पिंडाचं नाही. बोलायला जीभ रेटली नाही. शेवटी वार्षिक मूल्यमापनात ते कागदावर आलं तेव्हा तो म्हणाला, 'सहा महिने तुम्ही माझ्यासोबत बसत होतात, मला वाटलं जमायला लागलंय.' याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुढे तो ग्राहकांशी बोलण्याच्या कामावर गेला आणि तिथे छान रमला, पण ते तीन महिने आधी होऊ शकलं असतं.

तेव्हापासून मी शिकवणी आणि मूल्यमापन एका बैठकीत कालवत नाही. शिकवताना चुकायची मुभा असते आणि तिथे दिसलेली चूक मी वर्षाअखेरीला काढून दाखवत नाही, नाहीतर पुढच्या वेळी माझ्यासमोर कोण काम उघडून बसेल? पण गोष्ट गंभीर झाली असेल तर ते वेगळं बसवून, स्पष्ट शब्दांत आणि मुदतीसकट सांगते : 'आजवर आपण शिकत होतो. आता दोन महिन्यांत हे एवढं जमलं नाही तर कामाचं स्वरूप बदलावं लागेल.' तुमच्या माणसाबाबत हे इतक्यात करायची गरज मला दिसत नाही. तुम्ही अजून त्याच्या शेजारी बसलेलाच नाहीत.

किती वेळ जाईल, हे तुमच्या मनात असणारच. पहिल्यांदा बघायला एक तास, मग तीन-चार आठवडे वीस-वीस मिनिटं. त्यानंतर दोन आठवड्यांतून एकदा डोकावलं तरी पुरतं. सुरुवातीचा महिना तुमचं काम वाढेल, कमी होणार नाही. तुमच्या वरिष्ठांना हे आधीच सांगून ठेवा, म्हणजे 'तू करून टाक ना' असं ते मध्येच म्हणणार नाहीत.

आणि रात्री बसून दुरुस्त करण्याचं म्हणाल, तर अहवाल आज पाचला जायचा असेल आणि चार वाजता चूक सापडली, तर तुम्हीच दुरुस्त करा, त्यात अपराधी वाटून घेऊ नका. पण चुकलेली मूळ फाइल जपून ठेवा. दुसऱ्या दिवशी सकाळी, घाई नसताना, तीच फाइल त्याला उघडायला सांगा : 'यात तीन ठिकाणी रक्कम जुळत नाही, शोध.' कुठे ते सांगू नका. खुर्ची थोडी मागे ओढून बसा आणि वही उघडा.